नकार पोहोचवणाऱ्या काकू

घंटा वाजवली की त्या दाराकडे पाठ फिरवत. जिन्याच्या जाळीतून खाली अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत उभ्या राहत. जणू कुणाकडे आलेल्याच नाहीत, झाड बघायला जिना चढून आल्या आहेत. कडी निघाल्याचा आवाज झाला तरी क्षणभर वळत नसत. मग सावकाश वळून म्हणत, "सहज आले हो. कामात नाही ना?"

मला हा आधी विक्षिप्तपणा वाटला होता. ओळख वाढल्यावर एकदा धीर करून विचारले, तर त्या हसल्या. "अगं, दार उघडणाऱ्याला चेहरा जागेवर आणायला वेळ नको? आपण एकदम समोर उभं राहिलं की बिचाऱ्याचा जो असेल तो चेहरा आपल्या हाती लागतो. तो काही आपल्यासाठी नसतो."

दक्षिण दिल्लीतल्या आमच्या त्या सरकारी कॉलनीत सगळे त्यांना काकू म्हणत. पंजाबी शेजारणी 'काकूजी' म्हणत. काकू हे त्यांचे नावच आहे अशी त्यांची समजूत होती, आणि काकूंनी ती कधी दुरुस्त केली नाही. ठेंगणी मूर्ती, कडक कांजी केलेली सुती साडी, आणि थंडीत त्यावर काकांचा जुना राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर. त्या जवळ आल्या की डांबराच्या गोळ्यांचा आणि लवंगेचा असा एक मिश्र वास येई. आवाज इतका खालचा, की ऐकणाऱ्याला पुढे झुकावे लागे. काका कोणत्या मंत्रालयात आणि कोणत्या हुद्द्यावर होते, हे मला कित्येक महिने कळले नव्हते. जिथे दारावरच्या पाटीत नावापेक्षा हुद्दा मोठा लिहीत, त्या कॉलनीत ही गोष्ट सोपी नव्हती.

त्यांची माझी पहिली भेट दारातच झाली. मी लग्न होऊन साताऱ्याहून नुकती आले होते. दुपारची वेळ, हे ऑफिसात, बाहेर उन्हाने पांढरे झालेले रस्ते आणि कानावर पडणारी प्रत्येक हाक परक्या भाषेतली. मी मनसोक्त रडून घेतले होते. घंटा वाजली म्हणून दार उघडले, तर समोर एक पाठ आणि त्या पाठीवर एक छोटासा अंबाडा. मी पदराने डोळे पुसले. मग त्या वळल्या, माझ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, "इकडचा कांदा फार झोंबतो हो डोळ्यांना. सवय होईपर्यंत त्रासच."

माझ्या घरात त्या दिवशी कांदा नव्हता. हे त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकताच दिसले असणार. पण आम्ही दोघी बराच वेळ कांद्याविषयीच बोललो, आणि त्या बोलण्यात माझा हुंदका कुठे विरून गेला ते मला कळले नाही.

या गुणाला नेमके काय म्हणावे, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. शब्दांशी माझे जुने नाते. एखाद्या गोष्टीला अचूक शब्द मिळाला नाही तर मला चैन पडत नाही. चातुर्य म्हणावे, तर त्या शब्दाला एक धार आहे, आणि ती बहुधा बोलणाऱ्याच्या फायद्याकडे वळलेली असते. भिडस्तपणा म्हणावे, तर भिडस्त माणूस स्वतःला सांभाळत असतो. तारतम्य जवळचा वाटतो, पण तो जरा कोरडा आहे. त्याला तराजूचा वास येतो. काकूंच्या वागण्यात एक ओलावा होता, आणि त्या ओलाव्याची किंमत त्या स्वतः मोजत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपल्याशी त्या वेळी काय केले गेले, हे त्यांच्याकडून घरी परतल्यावर कधीतरी उमगते.

किंमत मोजत म्हणजे कशी, ते सांगते. समोरच्या ब्लॉकमधल्या एका साहेबांना उतारवयात हार्मोनियमचा नाद लागला. पहाटे, कडाक्याच्या थंडीत, दाट धुक्यातून ते सूर सगळ्या कॉलनीभर रांगत येत. दूधवाला चेष्टा करी, मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या, आणि तक्रार करण्याची कुणाची छाती नव्हती. कारण साहेब पाणीपुरवठ्याशी संबंधित कुठल्याशा खात्यात होते. शेवटी काकू गेल्या. पाठ फिरवून उभ्या राहिल्या, वळल्या, आणि म्हणाल्या, "भाईसाहब, सुबह की भागदौड़ में हम लोग ठीक से सुन नहीं पाते। शाम को बजाइए ना। बैठकर सुनेंगे।"

साहेब विरघळले. दुसऱ्या दिवसापासून पहाट निवांत झाली. पण 'बैठकर सुनेंगे' हा दिलेला शब्द होता. तो सबंध हिवाळा काकू संध्याकाळी स्वेटर विणायला घेऊन त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसत. मी एकदा म्हटले, "काकू, पुरे की आता." त्यावर त्या म्हणाल्या, "खोटं बोलले असते तर पुरे म्हटलं असतं. मी बसून ऐकीन म्हणाले होते." सुई थांबवून पुढे म्हणाल्या, "आणि हल्ली एक तान बरी येते हो त्यांची."

पण काकूंचे खरे नाव झाले होते ते नकार पोहोचवण्यासाठी.

दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये तेव्हा सोयरिकी जमवणे म्हणजे नाजूक काम होते. घरे मोजकी. गणपतीत तीच माणसे, हळदीकुंकवाला तीच माणसे, आणि जानेवारीत पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणाऱ्या बसमध्येही तीच माणसे. ज्यांनी मुलगी नाकारली ते आणि जिला नाकारले ती, दोघे एकाच बसमध्ये, धुक्याने आंधळ्या झालेल्या काचांआड शेजारच्या बाकांवर बसलेले असायचे. त्या स्मारकापाशी माना खाली घालून उभे राहायचे, आणि परतताना एकमेकांच्या हातांवर तिळगूळ ठेवायचा. तो तिळगूळ कडू लागू नये, यासाठी नकार नीट पोहोचणे आवश्यक होते.

काकूंची रीत ठरलेली होती. सणावारी जायचे नाही. फोनवर सांगायचे नाही. समोरच्याचा चहा संपल्याखेरीज विषय काढायचा नाही. "निम्म्या चहावर सांगितलं की माणसाला तो पिताही येत नाही आणि ठेवताही येत नाही," असे त्या म्हणत. मला बरोबर नेत, कारण दोघी आल्या की सहज आल्यासारखे दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नकारामागचे कारण त्या कधीच आणत नसत. इतर लोक पत्रिकेची सबब सांगत. काकू तीही सांगत नसत. "जमत नाही म्हणतात," एवढेच. कुणी खोदून विचारले तर म्हणत, "कारण मी तिथंच ठेवून आले."

हे वाक्य मला त्या काळी एखाद्या ओवीसारखे सुंदर वाटे.

आमच्या मागच्या ओळीत, तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये सुलभा आणि तिचे वडील राहत. वडिलांना सगळे नाना म्हणत. सुलभा लहान असतानाच तिची आई गेली होती, आणि नानांनी तिला एकट्याने वाढवले होते. सुलभा एका सरकारी ग्रंथालयात नोकरीला होती. उंच, हसऱ्या डोळ्यांची, बोलण्यात चुरचुरीत. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून तिच्या मानेवर भाजले होते. कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत एक चकचकीत, आवळलेला पट्टा राहिला होता. तिला ओळखणाऱ्याला तो चार दिवसांनी दिसेनासा होई.

नाना सेक्शन ऑफिसर होते. सज्जन, काटेकोर, आणि सबंध आयुष्य फायलींवर शेरे मारण्यात गेलेले. मुलाकडची मंडळी घरी आली, की पोह्यांच्या बशा हातात पडण्याआधी नाना चष्मा सावरून सुरुवात करत. ग्रेड कोणता? क्वार्टर कुठल्या टाइपचे? मुलाच्या वडिलांना एकदा त्यांनी सरळ विचारले, "इतक्या वर्षांत प्रमोशन का नाही झालं?" ते गृहस्थ हातातला चमचा बशीत ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. मी आणि काकू तिथेच होतो. काकूंनी नंतर जाता जाता सुचवून पाहिले, "नाना, त्यांना जरा बोलू द्यावं हं." नाना प्रसन्नपणे म्हणाले, "अहो, म्हणून तर विचारतो."

सुलभा त्या वेळी रीतीप्रमाणे आत असे. हे प्रश्न तिच्या कानावर कधी पडले नाहीत.

असे दोन नकार आले. तिसरा नकार घेऊन आम्ही ऐन मेमध्ये तिच्याकडे गेलो. रविवारची दुपार. नाना आतल्या खोलीत झोपले होते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध खोलीभर पसरला होता, आणि बाहेर लूचा तापलेला वारा दारावर धडका देत होता. सुलभाने चहा आणला. त्या उन्हाळ्यात तिने बंद गळ्याचे ब्लाउज घातले होते, आणि वरून पदर मानेभोवती गुंडाळून घेतला होता. कपाळावरून घामाचा ओघळ उतरत होता. मी तो पाहिला. काकूंनीही पाहिला असावा, कारण त्यांचा चहा संपायला त्या दिवशी फार वेळ लागला.

"जमत नाही म्हणतात गं," त्या अखेर म्हणाल्या.

"कारण काय सांगितलं?"

"कारण मी तिथंच ठेवून आले."

"दर वेळी ठेवून येता." सुलभाचा आवाज चढला नाही, नुसता कोरडा झाला. "तुम्ही तिथं ठेवून येता काकू, आणि मी इथं आरशासमोर बसून ते शोधत राहते." तिने मानेवरचा पदर ओढून काढला. "हेच ना? एकदा सांगून टाका. हेच ना?"

काकूंनी कपबशी खाली ठेवली. आतून नानांच्या घोरण्याचा संथ आवाज येत होता. काकूंनी त्या दाराकडे पाहिले, मग सुलभाच्या मानेकडे पाहिले. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निखळून पडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिन्ही घरांत मानेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. नानांचं बोलणं त्यांना जड गेलं."

"नानांचं? काय बोलले नाना?"

"ग्रेड. क्वार्टर. प्रमोशन."

सुलभा बघत राहिली. मग ती खुदकन हसली, हसता हसता रडली, आणि रडता रडता संतापली. "म्हणजे या उकाड्यात मी गळा आवळून फिरतेय, आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"का नाही सांगितलंत?"

"तुला तुझ्या वडिलांचं वाईट वाटू नये म्हणून," काकू म्हणाल्या. "त्यांना झाकलं. तू त्याखाली घुसमटतेस हे मला दिसलं नाही." मग म्हणाल्या, "यापुढं तुझ्यासाठी कारण घेऊनच येईन."

"कसंही असलं तरी?"

"कसंही असलं तरी."

बाहेर आल्यावर काकू जांभळाच्या सावलीत थांबल्या. डोक्यावरून पदर घेतला होता तरी चेहरा लालबुंद झाला होता. "मी रिकामी जागा ठेवून येत होते," त्या पुटपुटल्या, "आणि पोरगी त्यात स्वतःला बसवत होती." मला वाटते, त्या क्षणापर्यंत त्यांना आपल्या रीतीत असे काही असू शकते याची शंकाही आली नव्हती.

नानांना सांगायचे राहिले होते. त्यासाठी त्यांनी एक संध्याकाळ निवडली. सुलभा ऑफिसातून यायची होती. मला त्यांनी मागच्या अंगणात पाठवले, "चार पानं काढ गं वडीला" म्हणून. कूलरचे वाहून जाणारे पाणी वळवून नानांनी तिथे अळू लावले होते, आणि दिल्लीच्या त्या करड्या धुळीत त्याची पाने हत्तीच्या कानांसारखी डुलत होती. नेमका तेव्हा कूलर बंद होता. मला सारे ऐकू आले.

"चहा झाला का नाना?"

"झाला."

"मग एक बोलते. मागं आडून सांगितलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. आता सरळ सांगते. सुलभाला जे नकार आले ते तुमच्या प्रश्नांमुळं आले."

नानांची खुर्ची करकरली.

"मुलगी द्यायची म्हणजे चौकशी नको करायला, वहिनी?" नानांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तिची आई असती तर तिनं केली असती, बायकांच्या पद्धतीनं, हळूच. मला ऑफिसातलीच चौकशी येते."

"म्हणूनच मी आले."

"सुलभाला माहीत आहे?"

अळूचा देठ माझ्या हातात मोडला आणि त्याचा चीक बोटांना खाजू लागला.

"माहीत आहे. मीच सांगितलं. रागावली. तुमच्यावरही रागावली असेल. पण सकाळी डबा दिलान् ना तुम्हाला?"

"दिला."

"काय होतं?"

"भरली भेंडी."

"तुम्हाला आवडते ती. मग झालं तर."

नाना म्हणाले, "पुढच्या खेपेला मी घरात थांबतच नाही. बागेत जाऊन बसतो."

"असं कसं? मुलीचा बाप म्हणजे काय लपवायची वस्तू आहे? तुम्ही थांबायचं. आता जे गाझियाबादचे येणार आहेत, ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांना तुमचं अळू दाखवा."

ती मंडळी जुलैत आली, हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटत होती त्या दिवसांत. मुलगा कारखान्यात इंजिनिअर होता. मराठी मंडळाच्या वाचनालयात तो सुलभाला दोनतीनदा भेटला होता, आणि तो आपल्याला आवडतो हे तिने फक्त मला सांगितले होते. सुलभा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. साधे, उघड्या गळ्याचे ब्लाउज. पदर खांद्यावर, जिथे असायला हवा तिथे. खिडकीतला उजेड तिच्या मानेवरच्या त्या चकचकीत पट्ट्यावर पडला होता, आणि तिने तो पडू दिला.

मुलाचे वडील म्हणाले, "माझ्या रिटायरमेंटला अजून अवकाश आहे." नानांचे ओठ हलले. "म्हणजे सध्या आपण कुठल्या—" नाना उठून उभे राहिले. "—चला, अळू दाखवतो." आणि ते दोघे पुरुष मागच्या अंगणात गेले ते पोहे गार झाले तरी परतले नाहीत.

मुलाच्या आईची नजर एकदाच सुलभाच्या मानेवर गेली. त्यानंतर ती त्या बाजूला फिरकलीच नाही. हवापाण्याविषयी त्या फार बोलल्या.

उत्तर आणायला काकू आणि मी गाझियाबादला गेलो. मुलाच्या आई अगत्याने वागल्या. मुलगी गुणी आहे, घर चांगले आहे, वडील तर किती साधे. "पण मानेवरचं ते... उद्या चारचौघांत, लग्नाच्या फोटोत... लोक विचारणारच हो." मुलगा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. काकू त्याच्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?" त्याने मान वर केली, पण काकूंकडे नाही, आईकडे पाहिले. "आई म्हणेल तसं."

काकूंनी चहा संपवला. "बरं. सांगते तिला."

बाई दचकल्या. "कारण नका हं सांगू! पत्रिकेचं काहीतरी सांगा. तुम्ही सांभाळून घेता असं सगळे म्हणतात."

"सांभाळूनच घेते," काकू म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. हिंडन नदीच्या पुलावर भाजलेल्या कणसांचा धूर आत आला. मी न राहवून म्हटले, "काकू, या एका वेळी पत्रिकेचं सांगू या. तिनं आत्ता कुठं गळा मोकळा ठेवायला सुरुवात केली आहे. ऐकलं तर पुन्हा कधी ठेवणार नाही."

"मलाही तेच वाटतंय," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच मला भीती वाटतेय." आणि यमुना ओलांडेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शब्दांवर ज्यांची एवढी हुकमत, त्यांचे ओठ मी त्या दिवशी नुसतेच हलताना पाहिले. परीक्षेला निघालेल्या मुलीसारखे.

सुलभाच्या घरी काकूंनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. बापलेकीला समोर बसवले.

"नकार?" सुलभाने विचारले.

"हो."

"कारण आणलंय?"

"आणलंय." काकूंनी तिच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. "मुलाच्या आईला तुझ्या मानेवरची खूण खटकली. लोक विचारतील, म्हणाली. मुलाला मी विचारलं, तर तो आईकडं बघायला लागला. झालं ते एवढंच. मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही."

मोरीतला नळ ठिबकत होता. सुलभाचा हात मानेकडे गेला, आम्ही सगळ्यांनी तो जाताना पाहिला. बोटे त्या खुणेवर टेकली. वाटले, आता पदर वर येणार. बोटांनी ती खूण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, जणू अंधारात ओळखीची वस्तू चाचपावी. आणि मग हात खाली मांडीवर येऊन स्थिरावला.

नाना केविलवाण्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही ना?"

"एकही नाही नाना."

"विचारायला हवा होता," सुलभा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात तिचा जुना चुरचुरीतपणा आला होता. "त्या मुलाला तरी विचारायचं नाना, स्वतःचं मत कितव्या ग्रेडपासून मिळतं म्हणून."

नाना आधी हबकले. मग त्यांना हसू फुटले, आणि ते चष्मा काढून हसतच राहिले. गालांवरून पाणी वाहू लागले तरी थांबले नाहीत. सुलभाही हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या सुलभाशेजारी सतरंजीवर बसून राहिल्या. तिला पुन्हा रडू आले तेव्हाही तिथेच होत्या. समजूत घातली नाही, पाठीवर हात फिरवला नाही, नुसत्या तिथे होत्या. संध्याकाळ झाली, तशा उठून त्यांनी वरणाला फोडणी दिली, आणि सगळ्यांबरोबर जेवून मगच घरी गेल्या.

त्यानंतर सुलभाने मान कधी झाकली नाही. पुढे तिने आपल्या ग्रंथालयातल्या एका गढवाली माणसाशी लग्न केले, स्वतः ठरवून. काकूंना त्यात काहीच काम नव्हते. त्या लग्नाला गेल्या, मनसोक्त जिलेब्या खाल्ल्या, आणि निवांत जेवायला मिळालेले हे पहिलेच लग्न, असे म्हणाल्या.

काकूंची रीतही बदलली. निरोप द्यायच्या आधी त्या विचारू लागल्या, "कारण हवंय, की नुसता निरोप?" काही लोक गोंधळत, काही चिडत. बहुतेक जण नुसता निरोप घेत. पण एखादी मुलगी मान ताठ करून "कारण" म्हणे, आणि मग काकू बराच वेळ त्या घरी थांबत. एकदा मी म्हटले, आधीची पद्धत सोपी होती. "सोपी होतीच," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."

काका निवृत्त झाल्यावर ती दोघे नोएडातल्या एका सोसायटीत राहायला गेली. जवळच्याच सेक्टरात सुलभाचे घर होते. काका गेल्यावर काकू एकट्या झाल्या, तशी सुलभा रोज ऑफिसातून येताना त्यांच्याकडे डोकावू लागली. मी मेट्रोने अधूनमधून जाई. काकूंना ऐकू कमी येऊ लागले होते. आता त्याच ऐकण्यासाठी पुढे झुकत.

त्या गेल्या तेव्हा ऑक्टोबर होता. सप्तपर्णी फुलली होती आणि तिच्या जड, गोड वासाने दिल्लीची हवा दाटली होती. सकाळपासून मला फोन येत होते. जुन्या कॉलनीतली माणसे, मंडळातली माणसे. सगळ्यांच्या तोंडी एकच. झोपेतच गेल्या हो. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. इतक्या शांतपणे. मीही प्रत्येकाला "हो ना" म्हणत होते, आणि ते ऐकून बरे वाटत होते.

दिवेलागणीला सुलभा आली. थेट काकूंच्या घरूनच, अंघोळ करून आली होती. केस ओले, चेहरा ओढलेला, कानामागचे काही केस पिकलेले. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी तिला पाणी दिले आणि विचारले, "त्रास नाही ना झाला शेवटी?"

तिने माझ्याकडे पाहिले. क्षणभर मला वाटले, तीही आता तेच म्हणेल.

"झाला," ती म्हणाली. "शेवटी शेवटी बराच झाला. श्वास पुरायचा नाही. मी होते तिथं, हात धरून."

मग तिने पेला खाली ठेवला आणि माझ्याजवळ सरकून बसली.